गाडी येते, तरी टेस्टमध्ये नापास? या चुका टाळा

पक्क्या लायसनच्या टेस्टला नापास होणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना गाडी उत्तम येत असते. कोणी गावाकडे ट्रॅक्टर चालवलेला असतो, कोणी मित्राच्या गाडीवर घाट उतरलेला असतो. घोळ होतो तो वेगळ्याच ठिकाणी. मोटार वाहन निरीक्षकाला तुमची सफाई बघायची नसते. या माणसाला रस्त्यावर एकटं सोडलं तर चालेल का, एवढंच त्याला ठरवायचं असतं.

म्हणून पहिली चूक इंजिन सुरू व्हायच्या आधीच होते. बसल्या बसल्या किल्ली फिरवतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधल्या नियम 15 मध्ये टेस्टला काय काय तपासायचं याची यादी आहे आणि तिची सुरुवातच आरसा नीट करण्यापासून होते. सीट, आरसे, सीटबेल्ट, गिअर न्यूट्रलला, मग किल्ली. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीचे आरसे आधीच्या उमेदवाराच्या उंचीला लावलेले असतात, हे लक्षात असू द्या.

दुसरी चूक म्हणजे चोरून बघणं. तुम्ही आरशात नजर टाकलीही असेल, पण शेजारी बसलेल्याला ती दिसली नाही तर उपयोग काय? मान जरा वळू द्या. निघताना उजव्या खांद्यावरून मागे बघा, कारण आरशात न दिसणारा दुचाकीवाला नेमका तिथेच असतो. संगणकीकृत ट्रॅकवर मात्र हिशेब वेगळा असतो. तिथे सेन्सर आणि कॅमेरे रेषेवर डोळा ठेवून असतात आणि चाक कडेला लागलं की लागलं, हुज्जत घालायला समोर कोणी नसतं.

आता चढ. माझी पहिली टेस्ट चढावरच गेली. थांबलो, निघालो आणि गाडी हातभर मागे आली. नियमात स्पष्ट आहे की चढावर थांबून पुन्हा निघताना गाडी मागे सरकता कामा नये. महिनाभर मी हाच चढ चढत होतो, मग त्या दिवशी काय झालं? उत्तर शेजारच्या सीटखाली होतं. शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याकडेही क्लच आणि ब्रेक असतो, आणि आमचे सर न बोलता हळूच पाय लावायचे. मला वाटायचं, मीच सांभाळतोय! त्यामुळे टेस्टच्या आधीचे तीन-चार दिवस सरांना स्पष्ट सांगा, ‘पाय वर घ्या.’ रीत साधी आहे. हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर, क्लच सावकाश सोडत जायचा. इंजिनाचा आवाज जड झाला, बॉनेट किंचित उचललं, की क्लच तिथेच धरायचा, थोडा ॲक्सिलरेटर द्यायचा आणि मगच हँडब्रेक सोडायचा. घाईने हँडब्रेक आधी सोडला की गाडी मागे आलीच.

रिव्हर्सला वेग हाच शत्रू. हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धाच सोडून, गाडी मुंगीच्या पावलाने येऊ द्या आणि मागे वळून बघा.

दुचाकीवर आठ काढताना पाय टेकतो, कारण नजर पुढच्या चाकावर असते. नजर वळणाच्या पुढच्या टोकावर ठेवा. गिअरची गाडी असेल तर हाफ क्लच आणि मागचा ब्रेक हलकासा; स्कूटर असेल तर थोडा ॲक्सिलरेटर कायम आणि मागचा ब्रेक. वळणात पुढचा ब्रेक दाबलात की पाय टेकलाच म्हणून समजा. हेल्मेट घरी विसरणारे अजूनही भेटतात, त्यांना काय सांगणार?

हाताचे इशारे पाठ असू द्या, कधी तोंडी विचारतात. डावीकडे वळायचं म्हणून डावा हात दाखवणारे कमी नाहीत. चारचाकीत चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे डाव्या वळणालाही उजवाच हात बाहेर काढायचा आणि घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायचा.

कागदांचं एवढंच: ज्या प्रकारासाठी अर्ज, त्याच प्रकारची गाडी न्या. गिअरच्या मोटारसायकलचं लायसन हवं असेल तर बहिणीची स्कूटर चालणार नाही. आरसी, विमा आणि पीयूसी चालू मुदतीचे हवेत. लर्निंग लायसन मिळून 30 दिवस झाल्यावर टेस्ट देता येते आणि ते सहा महिनेच चालतं. शेवटच्या आठवड्यात स्लॉट शोधत बसू नका. आणि कृपा करून एकट्यानेच कार चालवत आरटीओत पोहोचू नका. लर्निंगवर असताना शेजारी लायसनधारक हवा आणि पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ हवा. एजंटने फॉर्म भरला असेल, पण क्लच तो दाबणार नाही.

नापास झालात तर सात दिवसांनी पुन्हा देता येते. तीनदा गेली तर शेवटच्या टेस्टपासून 60 दिवस थांबावं लागतं.

एक चूक अगदी शेवटी होते. फेरी संपली, सुटलो म्हणून लोक हँडब्रेक न ओढताच सीटबेल्ट काढतात आणि मागे न बघता दार उघडतात. निरीक्षक अजून शेजारीच बसलेला असतो, पेन हातात धरून.