थंडरबर्डला दुसऱ्या मॉडेलचं मागचं चाक बसवताना

कुर्ल्यात माझं लेथचं (धातू कातून भाग बनवायचं) दुकान आहे. शनिवार उजाडला की कुणीतरी पोरगा खांद्यावर अलॉय व्हील टाकून हजर. "काका, एवढा बुश मारून द्या, उद्या लोणावळ्याला निघायचंय." बुश म्हणजे चाकाचं मोठं भोक बारीक दांड्याला बसावं म्हणून मधे घालायची धातूची नळी. चाक घेऊन झालेलं असतं, मोजलेलं काहीच नसतं. म्हणून हे सगळं एकदा लिहून टाकतो.

अलॉय, म्हणजे तारांऐवजी एकसंध ओतलेलं चाक, कशाला, हे टूरवाल्याला सांगायला नको. स्पोकच्या चाकात ट्यूब असते. पंक्चर झालं की सॅडलबॅगा उतरवा, चाक काढा, ट्यूब बाहेर ओढा. ट्यूबलेसला बाहेरूनच पट्टी ठोकायची, हवा भरायची आणि निघायचं. २०१८ला रॉयल एनफिल्डची थंडरबर्ड एक्स आली, तिला कंपनीकडूनच अलॉय आणि ट्यूबलेस होते. मागचा टायर जुन्या डिस्कवाल्या थंडरबर्डसारखाच, १२०/८०-१८. चाक शोधायचंच तर तिथून सुरुवात करा.

एनफिल्डच्याच मेटिऑरचं रुंद चाक बघून मात्र भुलू नका. त्याचा टायर १४०/७०-१७. १२०/८०-१८ टायरचा बाहेरचा व्यास हिशेबाने ६४९ मिमी येतो आणि मेटिऑरचा ६२८. म्हणजे गाडी मागून १० मिमी बसली, घेर तीन टक्क्यांनी घटला आणि टायर चेनच्या बाजूला सरकला. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच. कंपनीच्या तपशिलाशी न जुळणारा बदल वडाळ्याच्या आरटीओत नडेल, विमेवाल्याकडेही नडेल. टायरचा साइज मूळचाच ठेवा.

आता माप. व्हर्नियर घ्या, फूटपट्टी नको. स्पिंडलची (चाक ज्यावर फिरतं त्या दांड्याची) जाडी, स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दुहेरी हाताच्या) आतली जागा, ब्रेकच्या डिस्कचा व्यास आणि तिच्या बोल्टांचं वर्तुळ, स्प्रॉकेटचे (चेनच्या दातेरी चाकाचे) दात आणि चेनचा नंबर, सगळं कागदावर उतरवा. ५२०, ५२५ आणि ५३० या तिन्ही चेनींचा पिच (दोन पिनांमधलं अंतर) १५.८७५ मिमीच असतो, फरक रुंदीत. त्यामुळे चुकीचं स्प्रॉकेटसुद्धा वरवर बसल्यासारखं वाटतं. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर हबवरच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावरच्या, रिंगचे दातही मोजा. दात कमीजास्त झाले की कंट्रोलरला मागचं चाक खोट्या वेगाने फिरताना दिसतं.

खरी मेख आहे स्पेसरमध्ये, म्हणजे चाकाच्या दोन्ही बाजूंची रिकामी जागा भरणाऱ्या कड्यांमध्ये. समजा स्विंगआर्मच्या आत जागा १९० मिमी, आणि चाक, स्प्रॉकेटचं कॅरियर (ते ज्यावर बसतं तो भाग), कॅलिपरची (डिस्क पकडणाऱ्या ब्रेकच्या चिमट्याची) पट्टी सगळं मिळून १७८. उरले १२. दहातले नऊ जण म्हणतात, दोन्हीकडे सहा-सहा द्या. अजिबात नाही. गिअरबॉक्सचं स्प्रॉकेट जागचं हलत नाही, त्यामुळे पहिला हक्क चेनच्या रेषेचा. मागच्या स्प्रॉकेटच्या तोंडाला सरळ पट्टी लावा, ती पुढच्या स्प्रॉकेटला नीट मिळेल तेवढाच स्पेसर त्या बाजूला. तो ४ निघाला तर डिस्कच्या बाजूला ८. मग टायरच्या दोन्ही अंगांना दोरी लावून पुढच्या चाकापर्यंत ताणा आणि रिम मध्यावर आहे का बघा. स्पोकची रिम ओढून सरकवता येते, अलॉय सरकत नाही. चेन सरळ आणि रिम भलतीकडे, असं असेल तर ते चाक तुमच्या गाडीचं नाही, परत करा. कॅलिपर शेवटी, त्याच्या पट्टीमागे वॉशर देऊन डिस्कच्या मध्यावर आणता येतो.

स्पेसर ब्राईट बारचा किंवा ईएन ८चा, म्हणजे पोलादाचा हवा. नरम अ‍ॅल्युमिनियम दाबाखाली चेपतं, मग स्पिंडल आपोआप ढिला. दोन्ही तोंडं समांतर नसतील तर नट आवळताना स्पिंडल वाकतो.

बेअरिंगची एक गंमत सांगतो. ६२०४ आणि ६३०३ बाहेरून एकसारख्या, ४७ मिमी व्यास आणि १४ रुंदी. भोक मात्र पहिलीचं २०, दुसरीचं १७. म्हणजे चाकात ६२०४ असेल आणि तुमचा स्पिंडल १७चा असेल, तर बुशाची भानगडच नाही, ६३०३ टाका. अर्थात बुशाचे पैसे माझे बुडतात. दोन बेअरिंगांमधली नळी मात्र १७च्या स्पिंडलला नवी करून घ्या, लांबी जुन्या नळीइतकीच. ती अर्धा मिमी जरी आखूड पडली तरी नट आवळताच बेअरिंगांच्या आतल्या रेस (कड्या) एकमेकींकडे ओढल्या जातात आणि गोळ्यांवर आडवा दाब येतो. ओळखायचं कसं? नट ढिला असताना चाक मोकळं फिरतं आणि आवळल्यावर जड होतं. बेअरिंग बसवायला हब हॉट एअर गनने तापवा, बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, आणि ठोकायचंच झालं तर बाहेरच्या रेसवर.

जुनं चाक सीएसटी रोडवरून किंवा चोर बाजारातून घेणार असाल तर ताजा रंग दिसला की सावध व्हा. स्पोकच्या मुळाशी आणि रिमच्या कडेला नखाने चाचपून बघा. वेल्डिंग केलेलं अलॉय मी हातातसुद्धा घेत नाही. दुकानातच स्पिंडलवर फिरवून बघा, १ मिमीपेक्षा जास्त आऊट, म्हणजे डुलत, असेल तर मी परत पाठवतो. हबमधले कश रबर (चेनचा झटका झेलणारे रबराचे तुकडे) मात्र नवेच टाका, स्वस्त असतात.

नटाचा टॉर्क (आवळण्याचा जोर) मॅन्युअलप्रमाणे, कॉटर पिन नवी. दोन माणसं आणि भरलेल्या बॅगा ठेवून टायर मडगार्डला, चेनगार्डला कुठे घासतो का बघा. मग एलबीएस मार्गाने मुलुंडपर्यंत जाऊन या. त्या रस्त्याचे खड्डे फुकटात टेस्टिंग करून देतात. (ईस्टर्न फ्रीवेवर दुचाकीला बंदी आहे, तिकडे वळू नका.) परत आल्यावर मागच्या हबला हात लावा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर एक तर कॅलिपर घासतोय, नाहीतर ती आतली नळी आखूड आहे. नळी असेल तर बेअरिंगसकट घेऊन या. सोमवारी या, रविवारी दुकान बंद असतं.