सांदवाडीतल्या जुन्या कोंबड्यांत नवी पिल्लं मिसळताना

आठवडी बाजारातून, फेरीवाल्याकडून किंवा उबवणी केंद्रातून आणलेली पिल्लं जरा अंगानं भरली, की बहुतेक घरी एकच रीत असते. सकाळी खुराड्याचं दार उघडायचं आणि जुन्या कोंबड्यांसोबत त्यांनाही सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या आवारात, सोडून द्यायचं. तासभर चोची बसतात, थोडी पिसं उडतात, ऊन वर आलं की शांत होतं. जमलं, असं वाटतं. नुकसान मात्र तिथूनच सुरू होतं. मार खाल्लेलं पिल्लू दाण्याजवळ फिरकत नाही, पाण्याजवळ येत नाही, कोठ्यात गव्हाणीखाली दडून राहतं. चार-पाच दिवसांनी मरतं तेव्हा अंगावर धड जखमही नसते, म्हणून ‘रोग आला’ असं ठरवून मोकळं होतात. रक्त निघालं तर चटकन दिसतं. उपास दिसत नाही.

त्यामुळे पुढचं सगळं कराल तेव्हा एक सवय लावून घ्या. रोज दिवस मावळल्यावर नव्या पिल्लांना एकेक करून हातात धरायचं आणि मानेच्या खाली, छातीच्या उजव्या अंगाला असलेली अन्नपिशवी बोटांनी चाचपायची. दिवसभर पोटभर खाल्लेल्या पिल्लाची पिशवी लिंबाएवढी, दाण्यांनी टणक लागते. सपाट लागली तर ते पिल्लू उपाशी आहे, मग दिवसा कितीही शांतता दिसलेली असो.

वय, संख्या आणि मोसम

गावरान पिल्लं १० ते १२ आठवड्यांची होऊ द्या, सुधारित जातीची किमान ८ आठवड्यांची. अंगावरची लव जाऊन पूर्ण पिसं आलेली हवीत आणि आकार जुन्या कोंबडीच्या निम्म्याहून बराच वर गेलेला हवा. वनराजा, गिरिराज या सुधारित जातींच्या बाबतीत इथेच फसगत होते. खाद्य चांगलं असलं तर ही पिल्लं दोन महिन्यांत किलोच्या आसपास जातात आणि गावरान कोंबडीच्या बरोबरीची दिसतात. अंगानं मोठी झाली तरी त्यांना भांडण येत नसतं. सव्वा किलोची चपळ गावरान कोंबडी अशा दांडग्या पिल्लाला सांदवाडीभर पळवते.

एकटं पिल्लू कधीच सोडू नका. कमीत कमी तीन हवीत. पाच-सहा असली तर मार वाटला जातो आणि कोणा एकाचा जीव जात नाही.

एप्रिलच्या मध्यापासून मृग लागेपर्यंत हे काम काढूच नका. पारा ४४-४५ अंशांवर असताना कोंबड्या चोच उघडी टाकून एकच सावली आणि एकच पाण्याचं भांडं धरून बसतात. ती जागा जुन्या सोडत नाहीत, आणि पळून पळून दमलेलं पिल्लू उन्हानंच जातं. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तर नुसतं हाताळणंही टाळावं. पावसाळ्यात जमीन ओली राहते आणि रक्ती हगवण याच वयाच्या पिल्लांना धरते. दसऱ्यापासून होळीपर्यंतचा काळ सगळ्यांत सोयीचा.

आधी रोगाचं बघा

एक दिवसाची आणून तुम्हीच वेगळी वाढवलेली पिल्लं असली, तर हा टप्पा जवळपास झालेलाच असतो. बाजारातून मोठी आणली असली तर मात्र २१ दिवस, जमलं तर ३० दिवस वेगळी ठेवायची. राणीखेत, ज्याला आपण मानमोडी म्हणतो, तिची लक्षणं लागण झाल्यापासून साधारण २ ते १५ दिवसांत दिसतात. आणलेलं पिल्लू आठवडाभर ठणठणीत दिसलं म्हणजे ते निर्धोक आहे, असं होत नाही.

जागा जुन्या खुराड्यापासून ३०-४० फूट तरी दूर असावी, घराच्या दुसऱ्या अंगाला असली तर उत्तम. पावसाचं किंवा धुण्याचं पाणी तिथून वाहत जुन्यांकडे यायला नको. दाणापाणी आधी जुन्यांचं करा, मग नव्यांचं. भांडी वेगळी, आणि नव्यांकडे जाताना घालायची चप्पलही वेगळी. चपलेला लागलेली विष्ठा हा रोगाचा सगळ्यांत सोपा रस्ता आहे, आणि नेमका तोच कोणी अडवत नाही.

या दिवसांत नाकातून पाणी, शिंका, श्वासाची घरघर, हिरवी किंवा रक्ताची विष्ठा, पंख पाडून बसणं, यावर नजर ठेवा. पंखाखाली आणि शेपटीखाली पिसं बाजूला करून उवा बघा. रक्ताची विष्ठा दिसली तर दवाखान्यातून अ‍ॅम्प्रोलियम आणून पाकिटावरच्या प्रमाणात पाण्यातून द्या, आणि खालचा कोंडा-कुटार बदलून कोरडा करा. ओल तशीच ठेवून नुसतं औषध पाजलं तर पुन्हा तेच होतं.

लसी मिसळण्याच्या आधी पूर्ण हव्यात: राणीखेतचीच लासोटा ७व्या आणि २८व्या दिवसाच्या आसपास, मध्ये १४व्या दिवशी गंबोरो रोगाची, सहाव्या आठवड्यात देवीची, आठव्या आठवड्यात राणीखेतची आर-टू-बी. जंताचं औषध आर-टू-बीच्या आठवडाभर आधी. लस टोचल्यावर पिल्लं दोन-चार दिवस मलूल राहतात, म्हणून त्यानंतर ८-१० दिवस जाऊ द्या आणि मगच मिसळा. राहून गेलेल्या जुन्या कोंबड्यांचं लसीकरणही त्याच दिवशी उरका. लसीची बाटली बहुधा १०० मात्रांची असते आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांसाठी ती फोडण्यापेक्षा शेजारच्या चार घरांनी एक दिवस ठरवावा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यातून बर्फाच्या थर्मासमध्ये आणावी.

वेगळं ठेवण्याच्या शेवटच्या आठवड्यात जुन्यांतली एक गरीब स्वभावाची, कमी अंडी देणारी कोंबडी नव्यांच्या जागेत नेऊन ठेवा. वरून धडधाकट दिसणारं पाखरूही रोग बाळगून असतं. लागण व्हायची असली तर एका कोंबडीवर कळते, सगळा कळप जात नाही. शिवाय नव्यांच्या घरात ती एकटी पडते, त्यामुळे दादागिरी करत नाही. पुढे ती त्यांच्या ओळखीची राहते, हा वरचा फायदा.

जाळीआडचे दहा-बारा दिवस

आता पिल्लं जुन्यांच्या आवारात आणायची, पण जाळीच्या आड. सहा पिल्लांना ६ फूट लांब, ४ फूट रुंद जागा एवढ्या दिवसांसाठी पुरते. चार कोपऱ्यांना बांबू, भोवती एक इंची जाळी ४ फूट उंच, आणि जाळीची खालची कड सहा इंच मातीत गाडलेली. नाहीतर मुंगूस उकरून आत येतो. वरूनही जाळी टाका. घार आणि शिक्र्याला पळून दडायला जागा नसलेलं पिल्लू म्हणजे आयतं ताट. दोन बाजूंना पऱ्हाट्या किंवा तुऱ्हाट्या (कपाशीच्या किंवा तुरीच्या वाळल्या काड्या) उभ्या बांधल्या की वारा आणि ऊन दोन्ही अडतं. रात्री मात्र पिल्लं तिथे ठेवू नका, डालग्याखाली (मोठ्या टोपल्याखाली) झाकून घरात घ्या. एक इंची जाळीतून साप सहज जातो.

जाळीच्या दोन्ही बाजूंना, एकमेकांसमोर, दाण्याची भांडी ठेवा. पहिले दोन-तीन दिवस जुन्या जाळीवर चोची मारतात, पिसं फुलवून उभ्या राहतात. आठवड्याभरात त्या शेजारी बसल्यासारख्या निवांत खाऊ लागतात. तसं खाऊ लागेपर्यंत दार उघडायचं नाही. बारा दिवसांनीही एखादी कोंबडी जाळीवर धावून जात असली तर आणखी आठवडा थांबा. जुन्या आवारातल्या मातीत नवे जंतू असतात, म्हणून या काळात पाचव्या ते आठव्या दिवसापर्यंत विष्ठा पुन्हा बारकाईनं बघा.

आपल्याकडच्या मोकळ्या सांदवाडीत या दिवसांचा आणखी एक उपयोग आहे. पिल्लांना जागा घर म्हणून ओळखीची होते. नाहीतर पहिल्याच दिवशी मार चुकवत ती शेजाऱ्याच्या तुरीत जातात आणि दिवस मावळला तरी परतत नाहीत.

दार उघडण्याची पद्धत

दुसऱ्या आठवड्यात, जुन्या चरायला बाहेर गेल्या की पिल्लांना रोज तासभर रिकाम्या आवारात आणि रिकाम्या खुराड्यात फिरू द्या. दडायच्या जागा त्यांना आधी कळल्या पाहिजेत. त्या जागाही तुम्हीच करून ठेवायच्या: भिंतीला तिरपी टेकवलेली फळी, चार विटांवर उचललेलं जुनं टोपलं, पऱ्हाट्यांचा सैल भारा. प्रत्येकाला दोन वाटा हव्यात. एकच तोंड असलेल्या कोपऱ्यात पिल्लू अडकतं, आणि सगळ्यांत वाईट मार तिथेच बसतो.

एकत्र सोडायचं ते संध्याकाळी, दिवस मावळायच्या तासभर आधी. जुन्यांची पोटं भरलेली असतात, लक्ष खुराड्याकडे असतं, आणि भांडण वाढलंच तर अंधार ते आपोआप थांबवतो. पहिले चार दिवस तुम्ही तिथेच थांबा. शेवग्याचा पाला किंवा मेथीची जुडी दोन-तीन ठिकाणी दोरीनं कोंबडीच्या डोक्याच्या जरा वर टांगा. उड्या मारून खाण्यात चोची गुंततात. मग वेळ रोज वाढवत आठवड्याभरात पूर्ण दिवसावर न्या.

दाण्याची भांडी एकाची तीन करा, सहा-सात फुटांवर, आणि एका जागेवरून सगळी दिसणार नाहीत अशी. एकच भांडं असलं तर एकटी दांडगी कोंबडी सगळ्यांना उपाशी ठेवते. पाण्याचंही तसंच.

जाळीच्या जागेत उभ्या काड्या लावून एक खिडकी ठेवली तर आणखी बरं. काड्यांत ४ इंचांचं अंतर ठेवून बघा: पिल्लू जावं, कोंबडी अडावी. गावरान कोंबडी अंगानं बारीक असली तर अंतर अर्धा इंच कमी करा. पिल्लांचं खाद्य आत ठेवलं की त्यांना मार न खाता पोट भरायची कायमची सोय होते. या सगळ्या खटाटोपातली एकच गोष्ट करायची झाली तर ही खिडकी करा.

रात्रीचं खुराडं

नवी रात्री गुपचूप जुन्यांत नेऊन बसवली की सकाळी जुन्यांना कळत नाही, असं गावोगाव सांगतात. बरोबरीच्या वयाच्या दोन-तीन कोंबड्यांपुरतं ते कधी जमतंही. पिल्लांच्या बाबतीत सकाळी दार बंद असताना उजाडलं, की बंद खुराड्यात मार बसतो आणि पळायला जागा नसते. म्हणून दिवसभर एकत्र राहू लागल्यावरच रात्री आत घ्या, अंधार पडल्यावर हातानं दांडीवर बसवा, आणि पहिला आठवडा फटफटताच दार उघडा. दांडीवर प्रत्येकीला ८ इंच जागा धरा. दोन वेगळ्या उंचीच्या दांड्या असू द्या. वरची जुन्या घेतात, खालची पिल्लांना राहते. खालची दांडी वरचीच्या बरोबर खाली नको, नाहीतर रात्रभर अंगावर विष्ठा पडते.

कधी मध्ये पडायचं

डोक्यावर एखादी चोच, चार पावलं पाठलाग, छातीला छाती लावून उभं राहणं, हे चालणारच. त्यातूनच त्यांची उतरंड ठरते. प्रत्येक वेळी हुसकावत बसलात तर ठरायचं ते लांबतं. रक्त दिसलं, एकीला दोघी-तिघींनी कोपऱ्यात धरलं किंवा संध्याकाळी अन्नपिशवी रिकामी लागली, तर मात्र थांबू नका.

रक्ताचं पिल्लू लगेच उचला. लाल रंगावर सगळ्याच चोची मारतात, त्याची सोबतची पिल्लंसुद्धा. जखम मिठाच्या पाण्यानं धुऊन जांभळं औषध (जेन्शियन व्हायोलेट) लावा. ते जंतूही मारतं आणि लाल रंगही झाकतं. हळद-तेल लावलं तरी चालतं. खपली धरेपर्यंत पिल्लू जाळीआड ठेवा, पण बाकीच्यांना दिसेल असं. नजरेआड गेलेलं पाखरू चार दिवसांत पुन्हा परकं होतं.

मारणारी एकच असली तर पिल्लाला न हलवता तिलाच तीन-चार दिवस वेगळं करा, तेही पूर्ण नजरेआड. परत येते तेव्हा तिची जागा गेलेली असते आणि ती बाकीच्यांशी निपटण्यात गुंतते. झुंजीसाठी पाळलेल्या असील जातीचं पाखरू कळपात असलं, तर यातलं काहीच भरवशाचं नाही. त्याला वेगळंच ठेवा.

खुडूक कोंबडी असेल तर

गावरान कोंबडी खुडूक बसली असेल तर यातलं निम्मं काम ती करते. ती दोन-अडीच आठवडे अंड्यांवर बसून झाली असली की एक-दोन दिवसांची आणलेली पिल्लं रात्री अंधारात, एकेक करून तिच्या पोटाखाली सरकवा आणि तेवढीच अंडी काढून घ्या. आठ-दहापेक्षा जास्त देऊ नका, थंडीत त्याहून कमी; पंखाखाली न मावलेली गारठून मरतात. पहाटे उठून बघा. ती चोचीनं टोचत असेल तर लगेच काढून उबेला ठेवा. घेतली, तर पुढे कळपातल्या कोणाची टाप नसते. सहा-आठ आठवड्यांनी ती पिल्लांना तोडते, आणि मिसळण्याची खरी वेळ तेव्हा येते. त्या आठवड्यात वर सांगितलेली भांडी, दडायच्या जागा आणि संध्याकाळची तपासणी सुरू करा.

एकत्र झाल्यावरचा दाणा

अंड्यावरच्या कोंबड्यांच्या लेयर खाद्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं. वाढत्या पिल्लांची त्यानं मूत्रपिंडं बिघडतात. म्हणून सगळ्यांनाच ग्रोअर, म्हणजे वाढत्या पिल्लांचं, खाद्य सुरू करा आणि शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. अंडी देणाऱ्या आपल्याला लागेल तेवढा खातात, पिल्लं सहसा त्याला तोंड लावत नाहीत. नुसत्या कणकी-कोंढ्यावर पिल्लं वाढवू नका. प्रथिनं कमी पडली की पिसं उपटून खायची सवय लागते, आणि ती लागल्यावर मोडणं फार जड जातं. सुरुवातीचे आठ-पंधरा दिवस अंडी थोडी कमी होतील, ते सोसावं.

चौथ्या महिन्यात तलंगे, म्हणजे नव्यांतले तरणे कोंबडे, आरवू लागतात. आठ-दहा कोंबड्यांमागे एकच कोंबडा ठेवा, बाकीचे तेव्हाच विका किंवा घरी खा. पुन्हा लेयर खाद्यावर यायचं ते नव्यांतल्या बहुतेकींनी अंडी धरल्यावर, म्हणजे साधारण साडेपाच-सहा महिन्यांच्या वयाला.