आउटबोर्ड मोटर दम टाकत होती: कॉम्प्रेशन की मिश्रण?

होडीच्या मागे लावायची दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक मोटर हळू चालताना ठीक, थ्रॉटल वाढवला की दम टाकायची. आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, पाहिलं: इंजिन गरम, दोन्ही स्पार्क प्लग काढून वायरी अर्थ केलेल्या, थ्रॉटल पूर्ण उघडा. गेजवर 115 आणि 110 पीएसआय. एवढ्याशा फरकावर दाब धरून ठेवणाऱ्या पिस्टनच्या रिंगांवर संशय घेण्यात अर्थ नाही.

प्लग मात्र बोलके निघाले. वरचा तपकिरी, खालचा पांढराफटक, म्हणजे खालच्या सिलिंडरच्या हवा-पेट्रोल मिश्रणात पेट्रोल कमी. (असंच दामटत राहिलं तर पिस्टनला भोक पडू शकतं.) अडखळताना चोक (हवा कमी करून मिश्रणात पेट्रोल वाढवणारी झडप) किंचित ओढला, तर मोटर सावरली. खालच्या कार्बोरेटरचा मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा भाग) उजेडात धरला, तर भोकात हिरवट चिकटा! कार्ब क्लीनर आणि हवेच्या झोताने काढला. तार घालू नका, भोक मोठं होतं.

आता फुल थ्रॉटलला न अडखळता धावते.