एचडी चॅनेल मिळत नाहीत? केबल कंपनीला जाब विचारताना या चुका टाळा

मोठा टीव्ही भिंतीवर लागतो, केबल जोडली जाते आणि पहिल्याच सामन्यात खेळाडूंचे चेहरे पुसट दिसतात, खालून सरकणाऱ्या बातम्यांच्या पट्टीतली अक्षरं कडांना फाटलेली असतात. आवडते चार चॅनेल एचडीत शोधावेत, तर यादीत एखादाच सापडतो आणि बाकी जागा कधीही न पाहिलेल्या चॅनेलांनी भरलेली असते. या वेळी येणारा राग रास्त आहे. दर महिन्याचे पैसे वेळेवर घेणाऱ्या कंपनीने चित्रही तसंच द्यायला हवं.

पण "एचडी मिळत नाही" या एकाच तक्रारीमागे तीन वेगवेगळी दुखणी असू शकतात. कधी दोष घरातल्या जोडणीत असतो, कधी तुमच्या पॅकेजमध्ये, आणि कधी कंपनीने खरोखरच तो चॅनेल एचडीत घेतलेला नसतो. ग्राहक तिन्हींची एकच मोळी बांधतो आणि कंपनीला निसटायला वाट मिळते: "तुमच्या टीव्हीचं सेटिंग बघा." म्हणून पहिली दोन कारणं स्वतः तपासून बाजूला काढा. मग उरलेल्या तिसऱ्याबद्दल कंपनीला उत्तर द्यावंच लागतं.

जुन्याच नंबरावर एचडी शोधणं

बहुतेक केबल नेटवर्कवर एकाच चॅनेलच्या दोन प्रती असतात. साधी एका नंबरावर, एचडी दुसऱ्याच गटात कुठेतरी लांब. हात सवयीने जुना नंबर दाबतो आणि वर्षानुवर्षं साधंच चित्र पाहिलं जातं. फेव्हरिट यादीही जुन्या नंबरांची असते. एकदा पूर्ण यादी चाळा, एचडी नंबर लिहून काढा आणि फेव्हरिट नव्याने बनवा. काही बॉक्समध्ये साधा नंबर दाबला तरी एचडी प्रत लावणारं सेटिंग असतं. ते असेल तर चालू करा.

टीव्हीच्या कोपऱ्यातल्या आकड्यावर विश्वास ठेवणं

ही चूक भल्याभल्यांकडून होते. रिमोटवरचं इन्फो बटण दाबलं की पडद्यावर "१०८०" उमटतं आणि आपण एचडी पाहतोय अशी खात्री पटते. प्रत्यक्षात सेट-टॉप बॉक्स साधं चित्रही ताणून १०८० करून टीव्हीला पाठवतो. टीव्ही फक्त बॉक्सकडून काय आलं ते सांगतो. मुळात कंपनीकडून काय आलं होतं, हे त्याला कळत नाही.

आकडेच पाहायचे तर पूर्ण एचडी चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे जवळपास २१ लाख बिंदू असतात. साध्या चित्रात देशोदेशीच्या पद्धतीप्रमाणे ७२० गुणिले ५७६ किंवा ७२० गुणिले ४८०, म्हणजे चार लाखांच्या आसपास. ताणून बिंदू वाढतात, तपशील वाढत नाही. फोर-के टीव्हीवर तर हेच चार लाख बिंदू ८३ लाख जागांवर पसरावे लागतात. त्यामुळे टीव्ही जितका भारी, तितकं साधं चित्र वाईट, असं होऊ शकतं. यात टीव्हीचा दोष नाही.

खरी परीक्षा डोळ्यांनीच होते. एकाच कार्यक्रमाच्या वेळी साधा आणि एचडी नंबर आलटून पालटून लावा. प्रेक्षकांची गर्दी, मैदानावरचं गवत, धावत्या पट्टीतली बारीक अक्षरं बघा. फरक दिसलाच नाही, तर शंका घ्यायला जागा आहे. मात्र जुना कार्यक्रम निवडू नका. तो मुळातच साध्या दर्जात चित्रित झालेला असेल, तर एचडी चॅनेलवरही तो तसाच दिसणार आणि तो दोष केबलवाल्याचा नाही.

पिवळ्या पिनेकडून एचडीची अपेक्षा

पिवळी, लाल, पांढरी अशी तीन पिनांची वायर लावलेली असेल, तर एचडी येणार नाही. पिवळ्या पिनेतून फक्त साधं चित्र जातं. २००२ मध्ये आलेली एचडीएमआय वायर हवी. फार जुन्या टीव्हीवर लाल, हिरवी, निळी अशी चित्राची वेगळी जोडणी असेल, तर तिच्यातूनही एचडी जाऊ शकतं. सोन्याचा मुलामा वगैरे सांगून महागडी वायर गळ्यात मारली जाते, तिची गरज नाही. दोन मीटरच्या अंतराला साधी, धड वायर पुरते.

वायर बदलल्यावर बॉक्सच्या मेनूत जाऊन आउटपुट १०८०आय, १०८०पी किंवा ७२०पी करा. अनेक बॉक्स ५७६ किंवा ४८० वरच सोडलेले असतात. चित्र पडदाभर रुंद करणं म्हणजे एचडी नव्हे, हेही घरच्यांना सांगा. जाड झालेल्या चेहऱ्यांकडे बघत "आलं की एचडी" म्हणणारे बरेच आहेत.

"चॅनेल नाही" आणि "चॅनेल येत नाही" यांत घोळ घालणं

इथे थोडा वेळ द्या, कारण सर्वांत जास्त तक्रारी इथेच वाया जातात.

पडद्यावर नेमकं काय दिसतं ते आधी पाहा. तुम्ही हा चॅनेल घेतलेला नाही, अशा अर्थाचा संदेश येत असेल तर प्रश्न पॅकेजचा किंवा खात्याचा आहे. चॅनेल केबलमधून येतोय, तुमच्या बॉक्सला तो उघडण्याची परवानगी नाही. पैसे भरूनही संदेश जात नसेल तर कंपनीला परवानगी पुन्हा पाठवायला सांगा आणि त्या वेळी बॉक्स चालू ठेवून तोच चॅनेल लावून ठेवा. बराच काळ वीज बंद करून ठेवलेल्या बॉक्सची परवानगी संपून जाऊ शकते. आणि बॉक्सच जुना, एचडी न कळणारा असेल, तर पॅकेज कितीही वाढवा, उपयोग शून्य. बॉक्सचं मॉडेल विचारून घ्या.

चॅनेल यादीतच नसेल तर बॉक्सवर नव्याने शोध चालवा. तरीही नसेल, तर बहुधा कंपनीने तो घेतलेलाच नाही. हा मुद्दा पुढे येतो.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा. चॅनेल यादीत आहे, पैसे भरलेले आहेत, पण पडदा काळा, किंवा चित्र चौकोनाचौकोनांत फुटतं, आवाज तुटतो. अशा वेळी माणूस म्हणतो, "बाकीचे सगळे चॅनेल काचेसारखे दिसतात, म्हणजे वायर ठीक आहे." हा निष्कर्ष चुकीचा आहे. केबलमध्ये चॅनेल एकेक सुटे येत नाहीत, एका फ्रिक्वेन्सीवर अनेक चॅनेलांचा गठ्ठा येतो. एचडी चॅनेल बऱ्याचदा एकाच गठ्ठ्यात दोन-तीन मिळून असतात. तो गठ्ठा वरच्या फ्रिक्वेन्सीवर असला, तर वायरीत त्याची ताकद खालच्या गठ्ठ्यांपेक्षा जास्त घटते. त्यामुळे बाकी सगळं उत्तम आणि नेमके तीन एचडी चॅनेल गायब, हे अगदी शक्य आहे. एकाच वेळी कोणकोणते चॅनेल फुटतात ते लिहून ठेवा. तेच तीन-चार नेहमी मिळूनच जात असतील, तर दोष सिग्नलचा आहे, यादीचा नाही.

पूर्वीच्या अॅनालॉग केबलवर सिग्नल कमी झाला की पडद्यावर मुंग्या यायच्या आणि हळूहळू वाढायच्या, म्हणजे आधी सूचना मिळायची. डिजिटलमध्ये तसं नाही. एका मर्यादेपर्यंत चित्र स्वच्छ राहतं आणि मर्यादा ओलांडली की एकदम कोसळतं.

मग करायचं काय? भिंतीतून येणारी वायर थेट बॉक्सला लावून बघा. मधला स्प्लिटर, म्हणजे एका वायरीच्या अनेक वाटा करणारा जोड, काढा. दोन तोंडांचा स्प्लिटर प्रत्येक वाटेला सुमारे साडेतीन डेसिबल खातो, म्हणजे निम्म्याहून अधिक ताकद तिथेच जाते. चार तोंडांचा सुमारे सात डेसिबल खातो. जुन्या घरांत एकामागे एक असे दोन-तीन स्प्लिटर कपाटामागे दडलेले सापडतात. न वापरलेली तोंडं असतील तर स्प्लिटर छोटा करा. कनेक्टर हाताने घट्ट फिरवा, हिरवट गंज दिसला तर बदलून घ्या. बॉक्सच्या मेनूत सिग्नलची ताकद आणि दर्जा दाखवणारं पान असतं. बिघडलेल्या चॅनेलवर असताना त्या पानाचा फोटो काढा. तंत्रज्ञ आला की हा फोटो तुमच्या बाजूने बोलेल.

एचडीएमआयवरच पडदा काळा आणि जुन्या पिनांवर चित्र येतं, असं असेल तर बॉक्स आणि टीव्ही यांच्यातली कॉपी-संरक्षणाची ओळखपाळख फसलेली असू शकते. दोन्ही पूर्ण बंद करा, वायर काढून पुन्हा लावा, आधी टीव्ही आणि मग बॉक्स चालू करा. मध्ये साउंड सिस्टिम असेल तर ती वगळून बघा.

"जागा नाही" हे उत्तर निमूटपणे मान्य करणं

घरातलं सगळं तपासून झालं आणि चॅनेल खरोखरच कंपनीकडे नाही असं ठरलं, की ग्राहक सेवेकडून हमखास येणारं उत्तर म्हणजे "आमच्याकडे जागा नाही." हे उत्तर खोटं नसतं, पण अर्धंच असतं.

केबलमधली जागा ६ किंवा ८ मेगाहर्ट्झच्या कप्प्यांत विभागलेली असते. पूर्वी एका अॅनालॉग चॅनेलला एक अख्खा कप्पा लागायचा. डिजिटल पद्धतीत ६ मेगाहर्ट्झच्या कप्प्यातून सेकंदाला सुमारे ३८ मेगाबिट आणि ८ मेगाहर्ट्झच्या कप्प्यातून सुमारे ५० मेगाबिट माहिती पाठवता येते. चित्राची माहिती आटोपशीर करून पाठवण्याच्या जुन्या एमपेग-२ पद्धतीत तेवढ्यात साधे दहा-बारा चॅनेल बसतात, एचडी मात्र दोन-तीनच. एमपेग-४ पद्धत २००३ पासून आहे आणि तेवढ्याच दर्जाला ढोबळमानाने निम्मी जागा घेते.

म्हणजे जागा वाढवता येते. उरलेले अॅनालॉग चॅनेल बंद करून, एमपेग-४ वर जाऊन, किंवा त्या भागात कोणी पाहत असेल तेव्हाच तो चॅनेल सोडण्याची व्यवस्था करून. प्रत्येक उपायाला पैसा लागतो. एमपेग-४ न समजणारे जुने बॉक्स घरोघरी बदलावे लागतात, आणि त्याच वायरीतून इंटरनेटही विकायचं असतं. त्यामुळे "जागा नाही" याचा खरा अर्थ पुष्कळदा "इतका खर्च अजून करायचा नाही" असा असतो. व्यवसाय म्हणून ते कंपनीने ठरवावं, पण ग्राहकाला ते तसं स्पष्ट सांगायला हवं.

दुसरं कारण कराराचं. एचडी प्रत दाखवायला वाहिनीच्या मालकांशी बोलणी करावी लागतात, आणि ते कधी एका लोकप्रिय चॅनेलसोबत चार नको असलेले चॅनेलही घ्यायला लावतात. यादी न पाहिलेल्या एचडी चॅनेलांनी का भरते, याचं एक कारण इथे आहे. म्हणून कंपनीला थेट विचारा: अडलंय ते जागेमुळे की करारामुळे? करारामुळे असेल तर वाहिनीलाही लिहा. आपले प्रेक्षक कुठे अडकलेत हे तिलाही कळायला हवं.

जाहिरातीतल्या एकूण आकड्यालाही भुलू नका. "इतके एचडी चॅनेल" यातले तुमच्या घरात पाहिले जाणारे किती, तेवढेच मोजा. आणि दोनाच्या जागी चार चॅनेल कोंबले असतील, तर नावाला एचडी असूनही वेगवान दृश्यात चित्र फुटतं. नवे चॅनेल मागताना आहे त्यांचा दर्जा घसरू देऊ नका, असंही लिहून टाका.

संताप ओतणं, पण तक्रार न नोंदवणं

"तुमच्याकडे काहीच दिसत नाही" या वाक्याला कोणीही पानभर माफी मागून वाटेला लावू शकतं. चॅनेलचं नाव, एचडी नंबर, तारीख-वेळ, पडद्यावरचा संदेश, बॉक्सचं मॉडेल, जोडणी कशी आहे, वायर थेट लावून बघितली का, हे सगळं लेखी द्या आणि तक्रार क्रमांक घ्या. शेजाऱ्याकडे तोच चॅनेल नीट दिसतो का, हे आधी विचारा. त्याच्याकडे दिसत असेल तर बिघाड तुमच्या घरात किंवा तुमच्यापर्यंत येणाऱ्या वायरीत आहे. दोघांकडेही नसेल तर मुख्य लाइनमध्ये, किंवा चॅनेलच घेतलेला नाही. सगळ्या इमारतीने सही करून दिलेलं पत्र एकट्याच्या फोनपेक्षा जड जातं. "लवकरच" असं उत्तर आलं तर कोणता चॅनेल आणि कोणत्या महिन्यात, हे लेखी मागा.

फोनवरच्या कर्मचाऱ्यावर ओरडू नका. कोणता चॅनेल घ्यायचा हे ती व्यक्ती ठरवत नाही.

रागाच्या भरात कनेक्शन तोडणं

नव्या कंपनीच्या जाहिरातीतली यादी साऱ्या भागांसाठी सारखी नसते. तुमच्या पत्त्यावर कोणते एचडी चॅनेल येतात, ते नावानिशी विचारा. सध्याच्या कराराची मुदत, मुदतीआधी सोडल्यास लागणारा दंड आणि केबलसोबत घेतलेल्या इंटरनेटचा दर वाढणार का, हे बघा. इंटरनेटवरून पाहायचा विचार असेल तर एका टीव्हीच्या एचडीला सेकंदाला साधारण ५ मेगाबिट लागतात. दोन टीव्ही एकदम चालणार असतील तर दुप्पट धरा. थेट सामना केबलपेक्षा काही सेकंद, कधी अर्धा मिनिटही उशिरा दिसतो. अनेक देशांत गच्चीवरच्या अँटेनावर काही चॅनेल एचडीत फुकट मिळतात, आणि त्यांचं चित्र केबलपेक्षा सरस असू शकतं. बाकीचे चॅनेल सोडायची तयारी असेल तर हा पर्याय जरूर तपासा.

नवी जोडणी घरात चालू होऊन तुमचे चार चॅनेल प्रत्यक्ष दिसेपर्यंत जुनी बंद करू नका. आणि जुना बॉक्स परत करताना त्याच्या क्रमांकासह पावती घ्या, नाहीतर त्याचं भाडं पुढच्या बिलातही लागून येतं.