लहान घराचं इंटिरियर शिकताय? आधी गव्हाची कोठी मोजा

इंटिरियरला ॲडमिशन घेतलेली बरीच मुलं मला विचारतात की ताई लहान घराचं डिझाईन शिकायला सुरुवात कुठून करू, सॉफ्टवेअर कुठलं घेऊ, आणि मी दरवेळी तेच सांगते की सॉफ्टवेअर नंतर, आधी ओळखीतलं एखादं वन रूम किचन शोध, पाच मीटरचा टेप घे आणि तिथे एक अख्खा दिवस जाऊन बस. मी बडोद्यातच शिकले, आणि माझं पहिलं खरं काम म्हणजे दांडिया बाजारातलं आत्याचं घर, एक खोली अधिक स्वयंपाकघर, राहणारे चौघं. आत्या, आतोबा, आतोबांच्या आई आणि बारावीतला आतेभाऊ. खाली जे लिहितेय ते बरंचसं त्या घरानं शिकवलेलं आहे.

तर पहिला दिवस फक्त बघायचं. एक वही घ्या, डावीकडे वेळ लिहा आणि उजवीकडे कोण कुठे काय करतंय ते. आजी साडेपाचला उठतात, त्यांना अंधारात बाथरूमपर्यंत जायचं असतं, तेव्हा आतेभाऊ खाली गादीवर झोपलेला असतो, म्हणजे त्या वाटेवर एकही कोपरा पुढे आलेला चालणार नाही. सातला पूजा. साडेसातला डबे. संध्याकाळी पाहुणे आले की तोच पलंग सोफा होतो, आणि तोच अभ्यासाचं टेबल पण होतो. हे सगळं कुणी आपणहून सांगत नाही, तुम्ही विचारलंत की घरात काय हवंय तर लोक म्हणतात एक छान टीव्ही युनिट करून दे.

मग सामान. खरं सांगते, कॉलेजमध्ये आम्ही खोली मोजायला शिकलो, सामान मोजायला नाही शिकलो. आपल्याकडे उन्हाळ्यात वर्षाचे गहू भरतात, एरंडेल चोळून, ती कोठी दोन फूट व्यासाची आणि तीन फूट उंच, आत्याकडे अशा दोन. त्या कुठेही ठेवून चालत नाही, रोज थोडे थोडे गहू काढायचे असतात, झाकण वर उचलायला जागा लागते, आणि ओल आलेल्या भिंतीजवळ ठेवल्या तर गहू गेलेच. त्याशिवाय जादाच्या गाद्या, गौरींचे मुखवटे आणि मखर, लोणच्याच्या बरण्या, शिडी, सुटकेसा. प्रत्येक वस्तूची लांबी रुंदी उंची लिहा आणि पुढे एक रकाना करा, रोज लागते का महिन्यातून का वर्षातून एकदा. वर्षातून एकदावालं सगळं माळ्यावर जातं, रोजवालं गुडघ्यापासून डोळ्यांपर्यंतच्या उंचीत. एवढी एक यादी नीट झाली ना तर निम्मं प्लॅनिंग तिथेच होतं, मला तरी तसंच वाटतं.

आता खोलीचं माप. ब्रोशरवरचा किंवा मालकानं तोंडी सांगितलेला आकडा घेऊ नका. रेरा हा घरबांधणी व्यवसायाचा कायदा 2016 चा, त्यात कार्पेट एरियाची म्हणजे घराच्या आतल्या क्षेत्रफळाची व्याख्या आहे, आतल्या पार्टिशन भिंती त्यात धरतात आणि बाल्कनी धरत नाहीत, म्हणजे कार्पेटचा आकडासुद्धा तुम्हाला वापरायला मिळणाऱ्या जमिनीपेक्षा जरा जास्तच असतो. प्रत्येक भिंत तीन ठिकाणी मोजा, खाली, कमरेला आणि वर. दोन्ही कर्ण मोजा, ते सारखे आले नाहीत तर खोली गुण्यात, म्हणजे काटकोनात, नाही असं समजा, आणि जुन्या घरात ती बहुतेक नसतेच. दाराची चौकट, दार कुठल्या बाजूला उघडतं, खिडकीची सिल म्हणजे खालची कड किती उंचीवर, बीमचा खालचा तळ, स्विचबोर्ड, पाण्याचा निचरा, स्कर्टिंग म्हणजे भिंतीच्या तळाची पट्टी किती पुढे आलीय, सगळं. आणि सूत शिकून घ्या. सुतार मिलिमीटर बोलत नाही, तो म्हणतो चार फूट दोन इंच तीन सूत, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. ड्रॉइंग मिलिमीटरमध्येच करा, पण साइटवर त्याच्या भाषेत बोलता आलं पाहिजे, नाहीतर तो मान हलवतो आणि स्वतःच्या अंदाजानं कापतो.

इथे माझं काय चुकलं ते सविस्तर सांगते कारण ही चूक पहिल्या कामात जवळजवळ सगळ्यांची होते. खोली 10 फूट 2 इंच रुंद, म्हणजे 122 इंच. मी मासिकात असतो तसा पलंग मधोमध काढला, डोकं एका भिंतीला, दोन बाजूंना छोटी टेबलं, आणि पायाकडच्या भिंतीला कपाट. गादी 78 इंच, कपाट 24 इंच खोल, उरले 20. शटर, म्हणजे कपाटाचं दार, 18 चं. कागदावर बसलं. सुतार आला, त्यानं टेप लावला, खाली बसला, परत टेप लावला आणि म्हणाला, "बेन, आ शटर खुलशे नहीं," म्हणजे ताई, हे शटर उघडणार नाही. मला पटेना. मग त्यानं एकेक करून दाखवलं. पलंगाची हेडबोर्डची फळी अडीच इंच. स्कर्टिंगमुळे पलंग भिंतीपासून अर्धा इंच पुढे. कपाटाचं हँडल सव्वा इंच. आणि त्या टोकाला भिंत एक इंच आत आलेली, जी मी एकाच ठिकाणी मोजली होती. सव्वापाच इंच गेले, उरले पावणेपंधरा. आणि समजा 20 च्या 20 राहिले असते तरी तिथे उभं राहून कपाटातनं साडी काढता येत नाही, माणसाला निदान 24 लागतात आणि दोघांची ये-जा असेल तर 30 ते 36.

स्लायडिंग करू म्हटलं तर ते अजून खोल होतं, 26-27 पर्यंत जातं, म्हणजे होती ती वाट पण बंद. शेवटी पलंग फिरवून कोपऱ्यात भिंतीला लावला, 60 इंचाची बाजू आडवी आली आणि पुढे तीन फुटांची मोकळी जागा मिळाली. एका बाजूनंच उतरता येतं, म्हणून आजी कडेला आणि आत्या भिंतीकडे. आतेभावाची गादी दिवसा पलंगाखालच्या खणात आणि रात्री त्या तीन फुटांत, आजींच्या वाटेसाठी खाली मंद दिवा.

म्हणून एक सवय आत्ताच लावून घ्या. प्लॅन झाला की गच्चीवर जा आणि खडूनं खऱ्या मापात खोली आखा, पलंग आखा, कपाट आखा, दारांचे वळसे आखा, आणि मग त्यात चाला. वाका. हातात बादली घेऊन वळा. घरातल्या कुणाला तरी बोलवा आणि दोघं एकमेकांना ओलांडून बघा. स्क्रीनवर झूम करता येतं त्यामुळे लहान खोली मोठी दिसत राहते, खडूच्या रेषेत तसं होत नाही.

स्वयंपाकघर हा माझा आवडता भाग आहे. पुस्तकात तुम्हाला वर्क ट्रँगल शिकवतील, फ्रिज सिंक आणि गॅस यांचा त्रिकोण, तिन्ही बाजू मिळून 13 ते 26 फूट. ते काम 1940 च्या दशकात अमेरिकेत इलिनॉय युनिव्हर्सिटीत झालं, तिथल्या घरांसाठी. आत्याचं स्वयंपाकघर 6 बाय 8, तिथे त्रिकोण कुठून काढणार. त्यापेक्षा 1926 चं फ्रँकफर्ट किचन उघडून बघा. मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या आर्किटेक्ट बाईंनी केलेलं, साधारण 1.9 बाय 3.4 मीटर, म्हणजे रुंदी आपल्या वन रूम किचनएवढीच, आणि त्यात त्यांनी रेल्वेच्या डायनिंग कारच्या स्वयंपाकघराचा आणि बाईच्या हालचालींचा अभ्यास करून एकेक गोष्ट हाताशी आणली होती. अशी जवळजवळ दहा हजार किचन झाली. लहान जागेत त्रिकोणापेक्षा क्रम बघायचा. भाजी आणली, धुतली, चिरली, फोडणीला टाकली, या क्रमानं ओटा जायला हवा आणि सिंक व गॅस यांच्यामध्ये चिरायला निदान दोन फूट सलग ओटा हवा.

ओट्याची उंची पुस्तकातून घेऊ नका. उभं राहून कोपर वाकवायला सांगा, जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा, त्यातून चार ते सहा इंच वजा करा. आत्या चार फूट अकरा इंच, तिला 34 चा ओटा दिला असता तर पोळ्या लाटताना खांदे वर चढले असते, पोळपाटाची उंची त्यात धरायलाच हवी. तिचा ओटा 32 वर केला आणि वरची कपाटं फक्त 12 इंच खोल ठेवली म्हणजे डोकं आपटत नाही.

मटेरियलबद्दल थोडक्यात. सिंकखाली आणि ओट्याखाली पार्टिकल बोर्ड नको, पाणी लागलं की फुगतो. तिथे बीडब्ल्यूपी म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणारा प्लाय घ्या, आयएस 710 या भारतीय मानकाचा शिक्का बघून, ढाचा 18 मिलिमीटरचा. कोरड्या जागी आयएस 303 चा चालतो. तळमजल्यावरचं घर असेल तर खालच्या कपाटांना स्टीलचे पाय द्या, ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी कुठवर आलं होतं ते इथल्या कुणालाही विचारा. आणि प्लायचा अख्खा शीट 8 बाय 4 फुटांचा असतो, तो जिन्यातून वळतो का ते ऑर्डरच्या आधी बघायचं. आत्याच्या जिन्यात नाही वळला, खालीच चौकात कापून घ्यावा लागला, आणि कटिंग लिस्ट, म्हणजे कुठला तुकडा किती मापाचा त्याची यादी, आधीच तयार होती म्हणून निभावलं.

रंगांवर मी जास्त लिहीत नाही, ते सगळ्यांनाच आवडतं आणि सगळे शिकतातच. फक्त पश्चिमेची भिंत कुठली ते बघून ठेवा, मे महिन्यात दुपारी तिच्यावर हात ठेवून बघा आणि त्या भिंतीला डोकं येईल असा पलंग काढू नका.

काही घरांत हिंचका म्हणजे झोपाळा हवाच असतो. बडोद्यात नाही म्हणू नका, त्याऐवजी सोफा काढून टाका. कड्या स्लॅबमध्ये नीट बसवलेल्या हव्यात, पुढे-मागे झुलायला पुरेसं मोकळं हवं, आणि साखळ्या काढता येण्यासारख्या ठेवल्या की दिवाळीत खोली रिकामी करता येते.

काम संपलं की तीन महिन्यांनी परत जा, वही घेऊन. मी आत्याकडे गेले तर गॅसजवळ मसाल्यांसाठी केलेल्या अरुंद पुलआउटमध्ये, म्हणजे बाहेर ओढायच्या खणात, आजींची औषधं होती. मसाले पूर्वीसारखेच डब्यात, ओट्यावर. विचारलं तर आत्या म्हणाली, अगं पाण्याचा माठ इथेच आहे ना, गोळी घेतली की लगेच पाणी. आता मी प्रत्येक प्लॅनमध्ये पिण्याच्या पाण्याशेजारी चार इंचाचा एक खण काढते आणि त्याच्यावर औषधं असं लिहिते.