जनगणनेत मातृभाषा कशी सांगायची

2011 च्या फेब्रुवारीत मी जनगणनेची प्रगणक, म्हणजे घरोघरी जाऊन माहिती लिहून घेणारी, होते. शाळा सुटली की खांद्याला पिशवी अडकवायची आणि सोलापूरच्या पूर्वभागातल्या गल्ल्या धरायच्या. एका घरात आतून मागाचा खडखडाट, दारात बाई बिड्या वळत बसलेली, शेजारणीशी तेलुगूत बोलणं चाललेलं. मी दहाव्या, मातृभाषेच्या रकान्यावर आले तर म्हणाली, "मराठीच लिवा की मॅडम, उगं पंचाईत नको." मीही पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजातली; माझी अम्माही तेलुगूच बोलायची. तिथंच ओट्यावर बसले.

फेब्रुवारी 2027 मध्ये पुन्हा मोजणी आहे, म्हणून सांगते.

मातृभाषा म्हणजे शाळेतली नव्हे, राज्याची नव्हे, जातीची तर नव्हेच. जनगणनेच्या लेखी, लहानपणी आई तुमच्याशी बोलली ती भाषा. आई तान्हेपणीच गेली असेल, तर तेव्हा घरात मुख्यतः बोलत होते ती. तिला लिपी असावी अशीही अट नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आधीच विचारून ठेवा.

मग एकेकाची वेगळी सांगा. कर्त्याची लिहून खाली सगळ्यांना तीच लावू देऊ नका. आमच्या घरात माझी तेलुगू, अक्कलकोटच्या सुनेची कन्नड. ती नातवाशी मराठीतच बोलते, म्हणून त्याची मराठी. भांडण होतं ते शेंगा चटणीत लसूण किती, यावर.

पुढचा रकाना लोक हटकून सोडतात: येणाऱ्या इतर भाषा, दोनपर्यंत. लिहिता-वाचता यायलाच हवं असं नाही. बोलता आली, समजली की पुरे. जास्त चांगली येते ती आधी. मराठी इथं बिनधास्त घाला. त्यासाठी आईची भाषा खोडायची गरज नाही.

"मग आम्ही बाहेरचे ठरतो का?" हे मला गल्लोगल्ली विचारलं गेलं. 1956 ला भाषावार राज्यं झाली, 1960 ला महाराष्ट्र, आणि भाषा म्हणजे हद्द हे डोक्यात पक्कं बसलं. अशांना मी सोलापूरच्या 'चार हुतात्मा' चौकातली नावं वाचायला सांगते: धनशेट्टी, कुर्बान हुसेन, शिंदे, सारडा. स्वातंत्र्यलढ्यात 12 जानेवारी 1931 ला चौघं येरवड्यात फासावर गेले. आडनावंच बघा, एका भाषेची नाहीत; तरी त्यांना बाहेरचं कुणी म्हणत नाही.

लिहिलेलं वाचून दाखवायला सांगा, लाजू नका. त्या बिड्या वळणाऱ्या बाईनंही मला वाचायला सांगितलं. 'तेलुगू' ऐकून हसली आणि नवऱ्याला कोणकोणत्या भाषा येतात म्हणून आत हाक मारली. त्याला काही ऐकू जाईना. माग थांबेपर्यंत मीही थांबले.