"बेटा, कहाँ से आये हो?" : पार्कातल्या शोमध्ये लेकरांना पुढे करताना या चुका टाळा

शाळेची सहल नागपूरजवळच्या एका पार्कात गेली होती. जादूच्या खेळात निवेदकानं आमच्या चौथीतल्या एका पोराला वर बोलावलं आणि माइक तोंडासमोर धरून विचारलं, "बेटा, कहाँ से आये हो?" पोरगं म्हणालं, "घरून." सारा हॉल हसला. मीही हसलो. टोपीतून रुमाल काढायचा होता, तर ते हात टोपीत घालून तसंच उभं राहिलं. परतीच्या एसटीत खिडकीकडे तोंड करून बसलं, ते ब्रह्मपुरी येईपर्यंत वळलं नाही.

पोरगं मुळातच लाजाळू असतं तर गोष्ट तिथंच संपली असती. पण हेच पोरगं तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन परीक्षकांसमोर धडाधड बोलतं. झाडीपट्टीतली, म्हणजे पूर्व विदर्भातली, आमची लेकरं नाटकाच्या मंडपात सगळ्यात पुढे बसतात, पहाटेपर्यंत जागतात आणि विनोदी नटाला बसल्या जागेवरून उत्तरं देतात. नाटक कसं चालतं ते त्यांना आईच्या मांडीवर असल्यापासून ठाऊक असतं. पार्कातला शो कसा चालतो, ते मात्र आपण कोणी सांगितलेलंच नसतं.

पहिल्या प्रश्नाची तयारी न करणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि ती माझीच होती. शो जादूचा असो, बाहुल्यांचा असो की नाचगाण्याचा, वर आलेल्या लेकराला आधी नाव आणि गाव विचारतातच. नागपुरात ते बहुधा हिंदीत विचारतात, हैदराबादकडे हिंदी नाहीतर इंग्रजीत. आता सहलीआधी आठ दिवस आम्ही परिपाठानंतर पाच मिनिटं हाच खेळ घेतो. मी बॅटरीचा माइक करून निवेदक होतो, मुलं एकेक करून समोर येतात.

इथं एक बारकी अडचण आहे. लेकरू गावाचं नाव बरोबर सांगतं, पण ते निवेदकानं कधी ऐकलेलं नसतं. तो "कहाँ?" असं पुन्हा विचारतो आणि लेकराला वाटतं, आपलं चुकलं. म्हणून आम्ही पोरांना "चंद्रपूर जिला, ताडोबा के पास" असं सांगायला शिकवलं. ताडोबा सगळ्यांना माहीत असतो. मग पुढचा प्रश्न हमखास येतो, "टायगर देखा है क्या?" आणि त्यावर बोलायला आमच्याकडच्या कोणत्याही पोराजवळ काही ना काही असतंच. वाघ शेताच्या धुऱ्यावर बसला होता, आबाची गाय नेली, असं सगळं निघतं.

दुसरं, स्वतःचा आवाज भोंग्यातून ऐकला की नवखं लेकरू दचकून थांबतं. गणपती मंडळाचा नाहीतर ग्रामपंचायतीचा माइक एक दिवस मागून आणा आणि प्रत्येकाला त्यात नाव बोलू द्या. माइक तोंडापासून मूठभर लांब धरायचा, त्यावर ठकठक करायची नाही आणि फुंकर मारायची नाही, इतकं सांगितलं तरी पुरतं.

मागून ढकलणं

"जा ना बे, काऊन भेतं?" हे वाक्य मी प्रत्येक सहलीत कोणाच्या तरी तोंडून ऐकतो. निवेदक मात्र आपल्याकडे बघून हात वर करणारं, जागेवर बसून राहणारं पोर शोधत असतो. मागून धक्के खाणारं लेकरू दिसलं की तो नजर फिरवतो. रंगमंचावर रडारड झाली तर त्याचा खेळ मोडतो, आणि त्याचंही काही चुकत नाही.

आम्ही घरूनच तीन पर्याय देतो: टाळ्या वाजवायच्या, बसल्या जागी ओरडून उत्तर द्यायचं, किंवा वर जायचं. कोणी काय करायचं ते ज्यानं त्यानं ठरवावं, आणि आयत्या वेळी बदललं तरी चालतं. नाही म्हणता येतं हे कळलं, की बरीच पोरं आपणहून हात वर करतात. बोलताना अडखळणाऱ्या मुलाबद्दल शोआधीच तिथल्या माणसाला हळूच सांगून ठेवावं. त्याला बोलायचं काम देण्यापेक्षा दोरी धरायचं, पेटी उघडायचं काम दिलं तर तो मजेत करतो. आणि मुलींना मागच्या रांगेत बसवायची आपली सवय पार्कातही सुटत नाही, तिकडे जरा लक्ष असू द्या.

चुकीच्या जागी बसवणं

अमेरिकेत फ्लोरिडातल्या एपकॉट पार्कात 2004 पासून 'टर्टल टॉक विथ क्रश' नावाचा शो आहे. पडद्यावरचं कासव समोरच्या मुलांशी त्या क्षणी खरोखर गप्पा मारतं, कारण आड बसलेला कलाकार मुलांना बघत त्याच्या आवाजात बोलत असतो. तिथं मुलं पुढे जमिनीवर बसतात आणि आईबाप मागच्या बाकांवर. आपण बरोबर उलट करतो, लेकरू मांडीवर घेऊन मागे बसतो. जो दिसत नाही, त्याला कोण बोलावणार?

वेळेच्या वीस मिनिटं आधी पोचावं आणि दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत वाटेकडची जागा धरावी. अगदी पहिल्या रांगेत मान दुखते आणि भोंगा कानाशी येतो.

शाळेच्या सहलीत आणखी एक गोंधळ होतो, गणवेशाचा. निवेदक म्हणतो, "वो नीली शर्टवाला बच्चा," आणि एकदम चाळीस मुलं उठतात किंवा एकही उठत नाही. गणवेश सोडता येत नाही, मोजणीला तोच कामाला येतो. म्हणून आम्ही गळ्यात वेगवेगळ्या रंगाचे रुमाल बांधतो आणि छातीवर मोठ्या अक्षरांत फक्त हाकेचं नाव लावतो. पूर्ण नाव आणि सरांचा मोबाइल नंबर चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवायचा, छातीवर नाही.

पोट आणि पाय विसरणं

पहाटे चारला निघालेलं, एसटीत ओकलेलं, अकरापर्यंत काही न खाल्लेलं लेकरू शोमध्ये काय बोलणार? आधी पोहे, मग शो. रामोजी फिल्म सिटीसारख्या ठिकाणी, जी 1,666 एकरांत पसरली आहे, दिवसभर फिरून मुलं थकतात. म्हणून आत शिरताच फलकावरच्या वेळा बघून मुलांसाठीचा शो आधी उरकावा.

मुखवटे, अंधार, धडाम

मोठ्या डोक्याचा बाहुला जवळ आला की दोन-तीन वर्षांचं पोर किंचाळतं. त्याला उचलून "हात लाव, काही करत नाही" म्हणू नका. लांबूनच हात हलवायला लावा, बाहुल्याकडे पाठ करून उभे राहू नका. अंधार, धूर, स्फोटाचा आवाज असेल तर आधी सांगा: "आता दिवे जातील, मी इथंच आहे." झटक्याचा आजार असलेल्या मुलाला लखलखत्या दिव्यांच्या शोमध्ये नेण्याआधी डॉक्टरांना विचारा.

तरी अडलंच तर

वर गेलेलं लेकरू गोठलं, तर खालून ओरडून उत्तर पुरवू नका. दहा जण दहा उत्तरं देतात आणि त्याला एकही कळत नाही. एकाच ओळखीच्या माणसानं त्याच्या नजरेसमोर उभं राहून मान हलवावी, बस. मोबाइल वर धरून "इकडे बघ, इकडे बघ" करणारे काका असतील तर त्यांना खाली बसवा. पोरगं फोनकडे बघतं आणि निवेदकाचा इशारा हुकतो.

रडू आलं तर वर जाऊन त्याला शांतपणे खाली आणा. "इतके पैसे भरले" हे वाक्य तेव्हाही नको आणि घरी गेल्यावरही नको.

चुकीचं उत्तर देऊन हशा झाला, तर शिक्षकानं तरी हसू नये. मी ते केलं म्हणून सांगतो.

आणि ज्यांना बोलावलंच नाही त्यांचं काय? चाळीसातून एकाला बोलावतात, एकोणचाळीस हिरमुसतात. आम्ही दुसऱ्या दिवशी शाळेत तोच शो पुन्हा मांडतो, निवेदकासकट. टोपीतल्या रुमालाच्या त्या पोरानं परवा स्वतःच बॅटरी हातात घेतली आणि मला समोर उभं करून विचारलं, "सर, कहाँ से आये हो?"

मी म्हणालो, "घरून."